वजनपेटी चुकत नसते

"पण बाई, परत ऐंशीच येतंय," ती म्हणाली.

शनिवारची शाळा सुटून अर्धा तास झाला होता. प्रयोगशाळेत दहा मुली, मी, आणि मोरीपाशी परीक्षानळ्या विसळत उभे असलेले मामा. ती तुलेच्या काचेला नाक लावून बसली होती. डाव्या पारड्यात वजनपेटीतलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन, उजव्यात वीस, वीस आणि दहा. दोन्ही बाजू सारख्या व्हायला हव्या होत्या, कारण वीस, वीस आणि दहा मिळून पन्नास होतात याबद्दल जगात कुठंच मतभेद नाहीत. तरी उजवं पारडं वरच राहत होतं. त्यात ऐंशी मिलिग्रॅमचे, नखाएवढे पत्र्याचे तुकडे टाकले की मगच काटा मध्यावर येत होता.

"पारडी पुसलीस?"

"पुसली. पारड्यांची अदलाबदलही केली. पण तरी ऐंशीच."

"मग डोळा समोर धरून वाच. तिरकं बघतेस तू," मी म्हणाले. "वजनपेटी चुकत नसते. चुकतो ते आपण."

मोरीपाशी मामांनी मान डोलावली. पेटी त्यांची होती.

तसं म्हटलं तर प्रयोगशाळेतलं सगळंच त्यांचं होतं. हजेरीपटावर त्यांचं काय नाव होतं ते कारकुनाशिवाय कुणाला आठवत नसे. आम्ही शिक्षिका आणि चारशे मुली त्यांना मामाच म्हणत होतो. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, नोकरी सव्वीस वर्षं, निवृत्तीला चार महिने. कामाला लागले त्या दिवशी तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्यांना एकच वाक्य सांगितलं होतं: इथली प्रत्येक वस्तू चकचकीत दिसली पाहिजे. पुढं मुख्याध्यापक बदलले, पुस्तकं बदलली, इमारतीला मजला चढला, पण ते वाक्य मामांनी बदललं नाही. काचेची कपाटं, नळाच्या तोट्या, स्टँडचे दांडे, सगळं आरशासारखं. त्यांची बायको एकदा शाळेत आली होती, तेव्हा तिनं हे सगळं डोळे भरून पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "घरी पाणी प्यायलेला पेला उचलून ठेवत नाहीत हो."

मुलींच्या शनिवारच्या वर्गाला मामांचा पहिल्यापासून विरोध होता. तो वर्ग मी सुरू केला होता. आमच्याकडे सातवी संपताना मुलींनी एक चिठ्ठी भरून द्यायची असते: आठवीला वरचं गणित घेणार की साधं. आदल्या वर्षी अडतीस मुलींपैकी चौघींनी वरचं घेतलं, आणि त्यातल्या एकीनं चुकून. पाचवीत हात वर करकरून बाक मोडणाऱ्या याच मुली. दोन वर्षांत यांच्या हातांना काय होतं ते मला समजत नव्हतं. म्हणून मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, शनिवारचे दोन तास मागितले. मुलींनी स्वतः मोजावं, स्वतः मांडावं, एवढंच. मोठ्या बाई म्हणाल्या, एक सत्र बघू, सत्राच्या शेवटी समिती येईल, तिला काही दाखवता आलं तर पुढं चालू ठेवू. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त फुटलेल्या बरण्यांचा हिशेब कुणाच्या नावावर धरायचा एवढंच विचारलं. तरी दर शनिवारी ते थांबत. आपण नसताना कुणी आपल्या वस्तूंना हात लावावा हे त्यांना जास्त जड गेलं असतं.

तुलेपाशी बसलेल्या त्या मुलीचं नाव बाकीच्यांनी पणवाली ठेवलं होतं, कारण तिचं कुठलंही वाक्य 'पण'नं सुरू व्हायचं. उलट उत्तर द्यायची सवय म्हणून नव्हे. तिला खरोखरच पुढची अडचण दिसायची. आई रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि ही सकाळी शाळेआधी तासभर तिच्याबरोबर बटाटे सोलायला जायची. वर्गात कधी घाई करायची नाही. आकडे काढायची ते एवढे मोठे की पानात चार गणितं मावायची. समितीपुढं मांडायला प्रत्येकीला मी एकेक प्रयोग दिला होता, आणि हिला सगळ्यात सोपा: पेटीतली वजनं एकमेकांशी जुळतात हे दाखवायचं. हळू मुलगी आहे, उत्तर माहीत असलेला प्रयोग बरा, असा विचार मी केला होता. चांगल्या मनानंच केला होता. चांगल्या मनानं केलेल्या गोष्टींचं नंतर काय करायचं हे मला आजही नीट कळत नाही.

तर त्या शनिवारी तिनं सात वेळा वजन केलं आणि सातही वेळा ऐंशी आलं. समिती गुरुवारी यायची होती. घड्याळात दोन वाजत आले होते, आणि बाकीच्या नऊ जणींच्या वह्या पूर्ण होत्या. मी तिला म्हणाले, "सोमवारी वही आण. आकडे जरा नीट बघून लिही."

हे वाक्य शाळेत सगळ्यांना कळतं. त्याचा अर्थ, उत्तर काय यायला हवं ते तुला माहीत आहे. तिनं वही मिटली. मी कपाटांना कुलपं घातली, वर्गाबाहेर पडले आणि घरी गेले.

पुढचं मला मामांकडून कळलं, तेही तुटक तुटक.

ती गेली नव्हती. मामा शनिवारच्या कामाला बसले होते. दर शनिवारी मुली गेल्यावर ते वजनपेटी पुढ्यात घ्यायचे, पिवळ्या डब्यातली पूड ओल्या फडक्यावर घेऊन एकेक वजन घासायचे, मग कोरड्या फडक्यानं पुसून मखमलीच्या खाचेत परत ठेवायचे. ही बाकावर येऊन बसली. मामा, ही वजनं तुम्ही कशानं घासता, म्हणून तिनं विचारलं. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते खूश झाले. डबा दाखवला, फडकं दाखवलं, पितळेला किती दाब द्यायचा तेही सांगितलं. सगळी वजनं सारखीच घासता का, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, अगदी सारखी, लहान-मोठं असा भेद मी करत नाही.

मग ती म्हणाली, "मामा, किलोभर मोठे बटाटे सोलले की साल थोडी निघते. किलोभर लहान सोलले की पातेलं भरतं. लहानांना साल जास्त असते. हे वीस, वीस आणि दहा लहान आहेत. पन्नासपेक्षा त्यांची साल जास्त गेली."

मामांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते उखडले. "मी सव्वीस वर्षं ही पेटी सांभाळतोय," ते म्हणाले, "आणि तू काल आलीस. वजनाला कुठं साल असते?" आणखीही बरंच बोलले, ते मला सांगितलं नाही. ती ऐकत उभी राहिली. जाताना ओलं फडकं तिनं उचलून बघितलं. ते काळं झालं होतं. मग घडी घालून जागेवर ठेवलं आणि निघून गेली.

रविवारी मामांनी बायकोला बाजारातून दोन किलो बटाटे आणायला लावले, एक किलो मोठे आणि एक किलो लहान, आणि मोरीपाशी बसून स्वतः सोलले. माणसाला बरं नाही, असं वाटून तिनं शेजारणीला बोलावून आणलं. दोघी दारात उभ्या राहून बघत होत्या. मामांनी सालींचे दोन ढीग ताटात शेजारी शेजारी मांडले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

सोमवारी शाळा भरायच्या दीड तास आधी ते प्रयोगशाळेत आले. इथं एक गोष्ट सांगायला हवी. मामांनी आयुष्यात त्या तुलेवर काहीही तोललं नव्हतं. ती पुसणं, समतल करणं, पारडी टांगणं त्यांचं काम. तोलणं शिक्षकांचं आणि मुलींचं. वजनं कशी ठेवतात ते त्यांनी हजारदा पाहिलं होतं, तरी त्या सकाळी त्यांनी कपाटातलं नववीचं पुस्तक काढून आधी वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं की वजनांना हात लावू नये, ती चिमट्यानं उचलावीत. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायची आणि मुलींकडून वहीत लिहून घ्यायची. आणि सहा वर्षं दर शनिवारी मामांना पूड लावून तीच वजनं घासताना बघायची. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्या नाहीत. पदवी माझ्याकडे होती.

मामांचंही ऐंशी आलं.

पहिल्या तासाआधी मुलींनी वह्या कपाटात ठेवल्या. मधल्या सुट्टीत मी त्या तपासल्या. पणवालीच्या वहीत सातही ओळींत फरकाच्या रकान्यात शून्य होतं, मोठं, गोल, स्वच्छ. मला बरं वाटलं. मी खाली बरोबरची खूण केली आणि 'छान' लिहिलं. तिच्या वहीत तिची चिठ्ठीही होती, भरून सही आणलेली: साधं गणित. ती मी इतर चिठ्ठ्यांबरोबर खणात टाकली.

शिक्षिकांच्या खोलीत मामा कधी येत नसत. निरोप असला तर दारातून सांगत. त्या दुपारी ते आत आले, माझ्या टेबलापाशी उभे राहिले. एका हातात वजनपेटी, दुसऱ्या हातात तिची वही.

"बाई, हे खोटं लिहिलंय," ते म्हणाले. "आणि तुम्ही त्याच्यावर खूण केलीय."

मी त्यांना खाली बसवलं. चित्रकलेच्या बाई शेजारीच होत्या, त्यांनी कान टवकारले. मामांनी हळू आवाजात सगळं सांगितलं, शनिवारचं, बटाट्यांचं, सकाळचं. सांगताना ते पेटीचं झाकण उघडत होते, मिटत होते. आत वजनं झगमगत होती. मी पन्नासचं वजन उचलून उजेडात धरलं. त्याच्यावरचा कोरलेला आकडा इतका पुसट झाला होता की बोटाला लागत नव्हता. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "अति तिथं माती," आणि मग स्वतःच ओशाळल्या.

मला मनापासून लाज वाटली. पण पहिल्यांदा जे सुचलं ते काही लाजेतून सुचलं नाही. मी म्हणाले, मामा, आपण नवी पेटी मागवू. जुनी झाली म्हणून. कुणाला काही सांगायचं कारण नाही. चार महिने राहिलेत तुमचे, सेवापुस्तक कोरं आहे, कशाला त्यावर ओरखडा.

"आणि ती पोरगी?"

"तिला मी समजावीन."

"काय समजावाल?" ते म्हणाले. "तिनं बरोबर मोजलं. मी तिला झापलं. तुम्ही तिला आकडे बदलायला लावले. आता तिला समजावायचं काय राहिलंय?"

मी तिला बोलावणं पाठवलं.

प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो. शनिवारी तुला ऐंशी आलं होतं ना, मी विचारलं. ती नळाकडे बघत म्हणाली, "माझी चूक झाली होती, बाई. नंतर शून्य आलं."

"खोटं बोलू नकोस," मामा म्हणाले. "सकाळी मी मोजलंय. ऐंशीच येतं."

तिनं वर बघितलं. "पण मामा, मग तुम्हाला बोलतील."

"बोलू देत. ऐकायचे कान माझेच आहेत."

म्हणजे तिनं शून्य माझ्यासाठी लिहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, बाईंचं ऐकलं; तिनं मामांना वाचवलं होतं. बारा वर्षांच्या मुलीनं घरी बसून सात शून्यं काढली, कारण खरं लिहिलं असतं तर एका म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाची सव्वीस वर्षं चुकीची ठरली असती. मी तिला म्हणाले, माझं चुकलं. मग चिठ्ठीचं विचारलं. वरचं गणित का नको?

"उत्तर आधीच ठरलेलं असेल," ती म्हणाली, "तर मोजायचं कशाला, बाई?"

उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिला म्हणाले, चिठ्ठी मी अजून पुढं पाठवत नाही, शनिवारपर्यंत मुदत आहे. ती बघते म्हणाली. 'पण' म्हणाली नाही, याची मला जास्त काळजी वाटली.

मोठ्या बाईंना सांगणं भाग होतं. मामा स्वतः आत गेले, मी मागं उभी राहिले. मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीला एक रकाना लागतो. त्यांनी तीन निर्णय घेतले. समितीपुढं वजनाचा प्रयोग ठेवायचा नाही, घरचं धुणं घरातच बरं. नवी पेटी मागवायची, पण जुनी बाद करायला वजनमाप कार्यालयाचा दाखला आणायचा. आणि सेवापुस्तकात नोंद: 'निष्काळजीपणामुळे उपकरणांची झीज.' मामांनी ती नोंद दोनदा वाचली. निष्काळजीपणा या शब्दावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं. त्या माणसानं सव्वीस वर्षांत एक परीक्षानळी फोडली नव्हती. मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी हातानं थांबवलं आणि नोंदीखाली सही केली.

मग म्हणाले, कार्यालयात पेटी मी घेऊन जाणार. आणि ती मुलगी बरोबर येणार. तिचा काय संबंध, असं मोठ्या बाईंनी विचारलं. "चूक तिनं काढली," मामा म्हणाले. "ती खरी की खोटी हे तिनं बघायला नको?"

गुरुवारी समिती आली, नऊ मुलींचे नऊ प्रयोग बघून, वा वा करून गेली. वर्ग पुढं चालू राहिला. आजही चालू आहे. उरलेली पणवाली मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. शुक्रवारी सकाळी मी तिच्या आईला विचारायला रुग्णालयात गेले. ती पातेल्याआडून म्हणाली, न्या की. बटाटे एक दिवस उशिरा शिजले म्हणून कुणी मरत नाही. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, इथं असं बोलू नये खरं तर.

त्याच दिवशी आम्ही तिघं निघालो. वजनमाप कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला लागून फायलींची कपाटं, मध्ये दगडी ओटा, ओट्यावर आमच्या तुलेच्या दुप्पट मोठी तुला, आणि काचेच्या घुमटाखाली सरकारची वजनं. ती अजिबात चकचकीत नव्हती. मंद, तपकिरी, कुणी वर्षानुवर्षं हात न लावलेली. मामा त्यांच्याकडे बघत राहिले. अधिकारी पन्नाशीचे, बाह्या दुमडलेले, कामात गढलेले गृहस्थ होते. त्यांनी आमची पेटी उघडली आणि भुवया उंचावल्या.

"कुणी घासली ही?"

"मी," मामा म्हणाले. "सव्वीस वर्षं. दर शनिवारी."

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. बऱ्याच गोष्टी न विचारण्याची त्यांना सवय असावी. चिमट्याच्या टोकांना मऊ कातडं लावलेलं होतं. एकेक वजन उचलून ते पारड्यात ठेवायचे, काट्याची झुलती टोकं बघायचे, आणि घट मोठ्यानं सांगून समोरच्या कागदावर लिहायचे. तिनं स्वतःची वही काढली. तीही लिहू लागली.

"शंभर. दोनशे एक्याऐंशी मिलिग्रॅम कमी. पन्नास. एकशे अठ्ठ्याहत्तर कमी. वीस, पहिलं. नव्व्याण्णव. वीस, दुसरं. शहाण्णव. दहा. बासष्ट."

मामा हात मागं बांधून उभे होते. प्रत्येक आकड्याला त्यांची हनुवटी किंचित खाली जायची. मला वाटलं, त्यांना बाहेर बसवावं, पण ते आले नसते. दहाच्या वजनानंतर तिची पेन्सिल थांबली. तिनं वहीच्या कडेला काहीतरी मांडलं आणि माझ्यासमोर धरलं: नव्व्याण्णव, शहाण्णव, बासष्ट, वजा एकशे अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. अधिकाऱ्यांनी वाकून बघितलं. हे काय, म्हणाले. शाळेत हिला ऐंशीचा फरक आला होता, मी सांगितलं. शाळेच्या काट्यावर ऐंशी म्हणजे अचूकच की, असं म्हणून ते कामाला लागले. तिनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"पाच. चाळीस कमी. दोन, बावीस. दोन, एकवीस. एक. चौदा."

मग त्यांनी रेघ मारली आणि ओठ हलवत बेरीज केली. "एकूण घट आठशे तीन मिलिग्रॅम," ते म्हणाले, आणि दाखल्यावर लिहायला पेन टेकवलं.

मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. तिनंही बेरीज केली होती. तिनं अधिकाऱ्यांच्या कागदाकडे बघितलं, मग आपल्या वहीकडे, मग पुन्हा कागदाकडे. आणि फ्रॉकच्या खिशातून खोडरबर काढलं.

माझी स्वतःची बेरीज झालेली नव्हती. कुणाचं बरोबर ते मला माहीत नव्हतं. बोलावं की नाही, या विचारात मी होते, आणि ते खोडरबर कागदाला टेकलं होतं.

"तुझं किती आलं?" मामांनी विचारलं.

"तेच," ती म्हणाली.

"तेच म्हणजे?"

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं.

"वहीत जे आहे ते वाच," मामा म्हणाले. "मोठ्यानं."

तिनं खोडरबर मुठीत धरलं. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. "पण," ती म्हणाली, आणि आवाज बारीक झाला म्हणून पुन्हा सुरुवात केली, "पण साहेब, माझं आठशे तेरा येतंय."

अधिकाऱ्यांनी चष्मा सारखा केला. पेनाचं टोक खालच्या चौदापासून वर नेत त्यांनी एकेक आकडा पुन्हा मोजला. बराच वेळ लागला. मामांनी मागं बांधलेले हात सोडले नाहीत. ही चुकली असेल तर काय, हे माझ्या मनात येऊन गेलं, आणि ती चुकली असेल तरी तिनं वाचलं हे बरंच झालं, हेही आलं, पण ते खरं नव्हतं. ती बरोबर असावी असंच मला हवं होतं.

"हातचे तीन होते, मी दोनच धरले," अधिकारी म्हणाले. त्यांनी आठशे तीनवर रेघ मारली आणि वर आठशे तेरा लिहिलं. "बरोबर आहे तुझं."

शनिवारी सकाळी तिनं माझ्याकडून ती चिठ्ठी परत मागून घेतली आणि शाळा सुटताना दुसरी आणून दिली. पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दुपारी अधिकाऱ्यांनी दाखला पूर्ण केला, शिक्का मारला आणि वस्तू आणणाऱ्याची सही मागितली. मामांनी सही केली. आठशे तेरा मिलिग्रॅम म्हणजे साहेब, त्यांनी विचारलं, एका ग्रॅमलाही कमीच की. कमीच, अधिकारी म्हणाले, पण पेटी बाद. मामा म्हणाले, हो, बादच. मग कागद त्यांनी तिच्यापुढं सरकवला.

"हिचीही घ्या."

"ती लहान आहे, तिची लागत नाही," अधिकारी म्हणाले.

"लागत नाही हे मला माहीत आहे," मामा म्हणाले.

अधिकाऱ्यांनी दोघांकडे बघितलं आणि शिक्क्याखालची मोकळी जागा पेनानं दाखवली. तिला सही अशी नव्हती. ती आपलं पूर्ण नाव लिहू लागली, तिच्या त्या मोठ्या अक्षरांत, घाई न करता, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. वरच्या पंख्यानं कागदाचा कोपरा सारखा उचलला जात होता. मामांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि शेवटचं अक्षर लिहून होईपर्यंत काढला नाही.